‘ए’, ‘आर’, ‘ई’ आणि पाच घरं

बडोद्याच्या मांजलपूरहून एका ताईंनी विचारलंय: ‘मुलगी सातवीत आहे. शाळेत इंग्रजी शब्दांची स्पर्धा आहे. अक्षरं शाळा देणार, ती सगळी ज्यात येतात असे पाच अक्षरी शब्द दहा मिनिटांत लिहायचे, शेजारी अर्थ. सरावाला ए, आर आणि ई दिलीत. अर्थासकट शंभर शब्दांची यादी द्याल का? रोज दहा पाठ करून घेईन.’

ताई, शब्द भरपूर देते, पण पाठ करून घेऊ नका. दांडिया बाजारात मी सव्वीस वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतेय आणि सुरुवातीची काही वर्षं मीही याद्याच वाटल्या. अशा एका यादीतले पन्नास शब्द घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मी वाक्य लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं, ‘माय मदर ग्रेट्स कॅरट्स.’ आई गाजर किसते. वाक्य छान, फक्त किसण्याच्या ‘ग्रेट’ला त्याने थोर माणसाच्या ‘ग्रेट’चं स्पेलिंग लावलं होतं. दोन्ही शब्द यादीत होते, दोन्ही त्याला पाठ होते. यादीत ते एकमेकांपासून बारा ओळी लांब होते, एवढंच.

आधी एक गोम सांगते, ती तुमच्या प्रश्नातच आहे. तुम्ही ‘पाच अक्षरी’ म्हणालात. मराठी मुलाचं ‘अक्षर’ तोंडात असतं, इंग्रजी लेटर कागदावर असतं. ‘सफरचंद’ म्हटलं की आपण बोटं मोजतो: स, फ, र, चं, द. पाच. ‘ॲपल’ म्हटलं की बोटं तीनच उठतात, आणि लिहायला गेलं तर घरं पाच. ‘क्रीम’ तोंडात दोन, कागदावर पाच. ‘थ्रू’ तर तोंडात एकच, आणि कागदावर सात! नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी पाच अक्षरी इंग्रजी शब्द विचारते तेव्हा तो हमखास ‘टेलिव्हिजन’ म्हणतो. बोटांवर मोजून दाखवतो, आणि त्याच्या हिशेबाने तो बरोबरच असतो. म्हणून माझ्या वर्गात ‘अक्षर’ हा शब्द बंद. आम्ही ‘घर’ म्हणतो. पाटीवर पाच चौकोन आखायचे आणि विचारायचं, कोण कुठल्या घरात राहतं?

आता तुमची तीन मंडळी. यातला आर आपल्याला कधी फसवत नाही. विलायतेतला बहुतेक माणूस ‘हार्ट’मधला र गिळतो, आपण तो ठणठणीत म्हणतो, त्यामुळे मराठी मूल लिहिताना आर सहसा विसरत नाही. ए थोडा त्रास देतो. खरा दडी मारणारा आहे ई. शेवटच्या घरात बसतो आणि स्वतः तोंड उघडत नाही, पण आधीच्या ए-ला लांब करतो. इथे बडोद्यात याचा धडा फरसाणाच्या दुकानातच मिळतो. गुजरातीच्या सवयीने ‘स्नॅक’चा ‘स्नेक’ होतो आणि नाश्त्याला साप येतो. दोन्ही शब्द पाच घरांचेच: एस-एन-ए-सी-के आणि एस-एन-ए-के-ई. फरक काय, तर एकात शेवटी ई जाऊन बसलाय. हे एकदा हसून झालं की मुलं मुका ई विसरत नाहीत. (आपल्या मराठीत ‘ॲ’ आहे, त्याचा इथे फुकटचा फायदा होतो. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना हा फरक चटकन ऐकू येतो.)

मग ई-ची जागा धरून घरं लावायची. चार तऱ्हांत जवळजवळ सगळं काम होतं.

पहिली तऱ्हा: शेवटची तीन घरं ए-आर-ई. पुढे दोन व्यंजनं आली की शब्द तयार. शेअर म्हणजे वाटा. गुजरातेतल्या मुलाला याचा अर्थ सांगावाच लागत नाही, त्याला बाजारभावसुद्धा माहीत असतो. स्पेअर, जादाचा, राखीव. स्टेपनीला स्पेअर टायर म्हणतात तो. स्टेअर, टक लावून बघणं. ग्लेअर, डोळे वटारून बघणं, शिवाय उन्हाची डोळ्यांवर येणारी तिरीप. या दोघांत मुलं गोंधळतात, तर मी दोन्ही करून दाखवते. ग्लेअर मला फार चांगलं जमतं. स्केअर, घाबरवणं. स्नेअर, पारध्याचा फासा. फ्लेअर, एकदम भडकणं. ब्लेअर, वरातीतल्या स्पीकरसारखं कर्कश वाजणं. आणि अवेअर, जाण असलेला. या अवेअरमध्ये ए दोनदा आहे, तिकडे परत येते.

दुसरी तऱ्हा: दुसऱ्या घरात आर, तिसऱ्यात ए, पाचव्यात ई. पहिलं आणि चौथं घर रिकामं. ही सर्वांत सुपीक जमीन. एकट्या जी-ने सुरू करा: ग्रेस (डौल, कृपा), ग्रेड (प्रत, श्रेणी), ग्रेप (द्राक्ष), ग्रेट (किसणे, आमचा गाजरवाला), ग्रेव्ह (कबर, आणि गंभीर), ग्रेझ (गुरांचं चरणं, आणि गुडघा खरचटणं). मग सी: क्रेन, क्रेट, क्रेव्ह, क्रेझ. क्रेन म्हणजे सारसासारखा लांब मानेचा पक्षी, आणि त्या मानेवरूनच बांधकामावरच्या यंत्राला नाव पडलं. क्रेट म्हणजे दुधाच्या पिशव्या येतात तो जाळीचा खोका. क्रेव्ह ही साधी इच्छा नव्हे, डोहाळ्यांसारखी ओढ. क्रेझ, वेड. पुढे ब्रेव्ह, शूर, ब्रेस, आधार, दातांच्या तारेचं नाव त्यावरूनच आलंय, ड्रेप, कापड अंगावर घोळदार सोडणं, साडी नेसवणाऱ्या बायका हल्ली हाच शब्द वापरतात, फ्रेम, चौकट, ट्रेस, माग, ट्रेड, व्यापार. पहिल्या घरात स्वर बसवला तरी चालतं: इरेझ, पुसणं, आयरेट, संतापलेला, ओरेट, भाषण ठोकणं.

बघा, एकाचंही स्पेलिंग मी दिलं नाही. तऱ्हा सांगितली आणि शब्द उच्चारला, की स्पेलिंग आपोआप येतं. यादीत हे होत नाही.

तिसरी तऱ्हा अवघड: ई आणि ए शेजारी, आणि आर कुठेतरी जवळ. ब्रेड, ब्रेक, क्रीम, ड्रीम, हार्ट, अर्थ, लर्न, पर्ल, क्लिअर, स्वेअर. सगळ्यांत तीच ई-ए जोडी आणि उच्चार पाहा: कुठे ए, कुठे ई, कुठे आ, कुठे अ, कुठे इअ. मुलं चिडतात, आणि रास्त चिडतात. मी त्यांना सांगते की हा वेडेपणा नाही, हा उशीर आहे. इंग्लंडात छापखाना आला १४७६ साली, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला टाकला. पुढच्या दोनेकशे वर्षांत स्पेलिंगं छापून छापून घट्ट होत गेली, आणि नेमक्या त्याच काळात लोकांच्या तोंडातले लांब स्वर सरकत होते. ई-ए जोडीचा उच्चार एके काळी लांब ‘ए’च्या जवळचा होता. बहुतेक शब्द सरकून ‘ई’वर गेले, म्हणून क्रीम, ड्रीम. ‘ग्रेट’ आणि ‘ब्रेक’ वाटेतच थांबले. ‘ब्रेड’चा स्वर आखूड झाला. शेजारी आर असला की वेगळीच ओढ लागली, म्हणून हार्ट. तोंड पुढे गेलं, कागद मागे राहिला.

या तऱ्हेतले शब्द मात्र अर्थाला चिकटवूनच शिकवावे लागतात. अर्थ म्हणजे पृथ्वी हा विनोद मुलं स्वतःच करतात: ‘बाई, अर्थचा अर्थ काय?’ पर्ल म्हणजे मोती. तेव्हा मी खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास करवून घेतलेल्या मोत्यांच्या गालिच्याबद्दल सांगते. लाखो बसरा मोती त्यात ओवले होते, आणि २००९ साली दोह्याच्या लिलावात तो विकला गेला. बडोद्याच्या मुलाला ‘पर्ल’ पुन्हा सांगावा लागत नाही. स्पिअर, भाला. स्मिअर, माखणं, सारवण ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच कळतं. स्वेअर, शपथ घेणं, आणि शिवी देणंसुद्धा; एकाच शब्दात दोन्ही, जपून वापरा. क्रीक, दार करकरणं. ड्रेड, धास्ती. यर्न, ओढ लागणं. विअरी, थकलेला. आर पहिल्या घरात आला तर रीच (पोचणं), रेडी (तयार), रिॲक्ट (प्रतिक्रिया देणं). या शेवटच्यात ई आणि ए शेजारी असूनही वेगवेगळे म्हणायचे, कारण ‘री’ हा पुढे जोडलेला तुकडा आहे. रिले, रिपे हेही त्याच तुकड्याचे, फक्त तिथे ए एक घर पुढे सरकतो.

चौथी तऱ्हा सोपी, भराभर सांगते. शेवटी ई-आर, आणि ए आधी: वॉटर, पेपर, लेटर (पत्र नव्हे, ‘नंतर’), लेयर म्हणजे थर, वेफर, बेकर, टेपर म्हणजे निमुळतं होत जाणं, वेजर म्हणजे पैज, केटर म्हणजे जेवणाची सोय करणं (केटररवाले त्यातूनच आले), ईगर म्हणजे उत्सुक. लेझर इथलाच, पण तो मुळात शब्दच नाही. लांबलचक शास्त्रीय नावातल्या शब्दांची आद्याक्षरं जोडून १९५७च्या सुमारास केलेलं ते लघुरूप.

आता त्या गाजरवाल्या मुलाकडे परत. ‘ग्रेट’ आणि ‘ग्रेट’ यांची गंमत अशी की उच्चार एक आणि लेटर्सही तीच पाच: जी, आर, ए, टी, ई. फक्त ई-ने घर बदललंय. अशीच दुसरी जोडी ब्रेकची. मोडणं असेल तर ई तिसऱ्या घरात, गाडीचा असेल तर पाचव्या. टेम्पोच्या मागे ‘पॉवर ब्रेक’ रंगवलेलं असतं, त्यात पेंटर कितीदा मोडण्याचा ब्रेक लिहितो ते मोजायला मी मुलांना सांगते. रविवारी मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत चालत गेलं तरी वहीत एखादा सापडतोच. ‘बाई, याची तर शक्तीच मोडलीय,’ असं एक पोरगी म्हणाली होती.

हे हातात यावं म्हणून मी जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केलेत. जाड कागद, मागची बाजू कोरी, खर्च शून्य. एका पत्त्यावर एक लेटर. कुठलं किती करायचं याचा हिशेब मी स्क्रॅबल या शब्दखेळाच्या डब्यातून उचलला: त्यातल्या १०० सोंगट्यांत ई १२, ए ९, आर ६, क्यू आणि झेड प्रत्येकी एकच. तो खेळ रचणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली लेटर्स मोजून हे प्रमाण काढलं होतं. तुमच्या तिघांना त्यात प्रत्येकी एकच गुण मिळतो, कारण ती जिथे तिथे असतात.

मुलीसमोर एल, ए, आर, जी, ई ठेवा. लार्ज. मग म्हणा, पत्ते तेच, शब्द दुसरा. काल माझ्याकडे एक मुलगा बराच वेळ नुसता जी-चा पत्ता उचलून ठेवत होता. तो चौथ्या घरातून पुढे आणला आणि एकदम ‘ग्लेअर!’ ओरडला. तो पहिल्या तऱ्हेतला, म्हणून सापडला. रीगल, राजेशाही, हा शब्द शेजारच्या मुलीने काढला. चौथा लागर, म्हणजे बिअरचा एक प्रकार. गुजरातेत दारूबंदी, म्हणून त्याचा अर्थ ‘एक पेय’ सांगून मी पुढे सरकते. अशीच ए-एल-ई-आर-टी घ्या: अलर्ट सावध, ऑल्टर बदल करणं, लेटर नंतर. आणि रेटल, मधमाश्यांची पोळी फोडणारा मस्तवाल प्राणी, आपल्या देशातही आढळतो. एका शाळेच्या स्पर्धेत माझ्या विद्यार्थ्याचा रेटल परीक्षकांनी ‘असा शब्द नाही’ म्हणून खोडला होता. मी शब्दकोश घेऊन गेले तोवर बक्षिसं वाटून झाली होती. तेव्हापासून मुलांना सांगते, असा अनवट शब्द शेवटी लिहा, आणि अर्थ ठसठशीत लिहा. ब्रेड आणि बिअर्ड (दाढी), अर्थ आणि हार्ट, स्पेअर आणि स्पिअर याही याच खेळातल्या जोड्या.

दुहेरी लेटर्सची गोष्ट राहिली. तीन लेटर्स दिली की मुलं धरून चालतात की उरलेली दोन घरं नव्या मंडळींचीच. तसं कोणी सांगितलेलं नाही. अवेअर, इरेझ, ईगर, ड्रेड यांत कोणीतरी दोनदा आलंय. नुसतं ‘आता त्याच तिघांतला एक परत बोलवा’ म्हटलं तरी दोन-चार शब्द वाढतात.

तुमची मुलगी मोबाइलवर वर्डल खेळते असंही तुम्ही लिहिलंय आणि तो वेळ वाया जातो का विचारलंय. नाही जात. जोश वॉर्डल यांनी तो खेळ ऑक्टोबर २०२१मध्ये सगळ्यांना खुला केला, जानेवारी २०२२मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. दडलेला शब्द ओळखायचा: पाच घरं, सहा प्रयत्न. त्याच्या मूळच्या दोन हजार तीनशेच्या आसपास उत्तरांत सगळ्यांत जास्त येणारी लेटर्स ई, ए आणि आर हीच, त्याच क्रमाने. म्हणजे शाळेने सरावाला उगाच दिलेली नाहीत. पण एक सापळा तिला दाखवा. जी, आर, ए आणि शेवटचा ई हिरवे झाले, म्हणजे आपापल्या घरात बरोबर बसले, चौथं घर तेवढं रिकामं. ग्रेस, ग्रेड, ग्रेप, ग्रेट, ग्रेव्ह, ग्रेझ, असे सहा उमेदवार. एकेक करत बसलं तर प्रयत्न संपतात. त्याऐवजी पी-ए-सी-ई-डी, ‘पेस्ड’ टाकायचा. हे उत्तर असणं शक्यच नाही, हे माहीत असून टाकायचा. पी रंगला, म्हणजे शब्दात असला, तर द्राक्ष, सी रंगला तर डौल, डी रंगला तर श्रेणी; काहीच नाही रंगलं तर उरले तीन. कठीण पातळी लावली असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे सापडलेली लेटर्स प्रत्येक वेळी वापरावीच लागतात.

अर्थाच्या वहीबद्दल. इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, गुजराती अर्थ आणि घरातलं एक वाक्य असे चार रकाने. गुजराती कशाला, असं काही पालक विचारतात. कारण पोरांना ‘किसणे’ आजीकडून माहीत असतं, पण शेजारच्या काकी ‘छीणवुं’ म्हणतात. दोन दोऱ्यांनी बांधलेला शब्द सुटत नाही. ही माझी टूम नव्हे. सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरु’ निघाला, त्यात राज्यकारभारातल्या शब्दांना अनेक भाषांतले पर्याय शेजारी शेजारी दिलेत. मी मुलांना वर्षातून एकदा मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत नेते, १९१० साली सुरू झालेल्या. काचेच्या जमिनीवरून चालत जाऊन जाडा शब्दकोश दोन हातांनी उतरवायचा आणि ‘ग्रेव्ह’खाली किती अर्थ आहेत ते मोजायचे. काचेवर पाऊल टाकायला पोरं आधी घाबरतात, मग निघायला तयार नसतात.

चार तऱ्हांत न बसणारे थोडे उरतात. ऑपेरा, झेब्रा, एक्स्ट्रा, अरीना. शेवटी ए आला की शब्द बहुतेक पाहुणा. अरीना लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ वाळू. रोमन लोक झुंजीच्या मैदानात वाळू पसरत, म्हणून मैदानाचंच नाव वाळू पडलं. मुलीला तो अर्थ सांगताना माणिकरावांच्या आखाड्याचं नाव घ्या आणि विचारा, आपल्याकडे वाळूऐवजी काय असतं?

स्पर्धेच्या दिवशी पहिल्या मिनिटात तिने एकही शब्द लिहू नये. पाच-पाच घरांच्या चार ओळी आखाव्यात, दिलेली लेटर्स एकेका तऱ्हेने बसवावीत आणि मग पहिल्या रिकाम्या घरात बी-पासून एकेक व्यंजन फिरवत जावं. लेटर्स दुसरी आली तर तऱ्हा बदलतील, घरं पाचच राहतील. अर्थ शब्दाबरोबरच लिहावा, ‘नंतर भरू’ म्हणून सोडू नये. नंतर वेळ उरत नाही. आणि रफ कागद देणार का ते शाळेत आधीच विचारून ठेवा. नाही दिला तर घरं उत्तरपत्रिकेच्या कडेला आखायची, तळहातावर नाही. गेल्या वर्षी माझ्याच एकाने तळहातावर आखली आणि कॉपी म्हणून त्याला उभं केलं.